क्लेमेंटाईनच्या लक्षात राहील

मांस साठवायची थंडगार खोली. दार बाहेरून बंद. आत पाच जण: ली, केनी, लिली, लिलीचे वडील लॅरी आणि आठ वर्षांची क्लेमेंटाईन. लॅरी धिप्पाड, तापट आणि हृदयविकाराचा. संतापाच्या भरात तो छाती धरून कोसळतो. या जगात मेलेला माणूस थोड्या वेळाने उठतो आणि जिवंतांना चावायला येतो, मरण कशानेही आलेलं असो. एवढ्याशा खोलीत लॅरीएवढा माणूस उठला तर कुणीच वाचणार नाही. केनी म्हणतो, तो उठायच्या आत त्याचं डोकं फोडायला हवं. लिली वडिलांच्या छातीवर दाब देत मदतीसाठी ओरडते आहे. दोघंही लीकडे बघताहेत, आणि ली म्हणजे तुम्ही. स्क्रीनवर वेळेची पट्टी भराभर आखडत चालली आहे.

मी लिलीच्या मदतीला गेले. लॅरीचे ओठ हलल्यासारखे वाटले, आणि त्याच क्षणी केनीने गुरांना चाटायला ठेवतात तो मिठाचा भला मोठा ठोकळा त्याच्या डोक्यावर टाकला.

काही महिन्यांनी गेम पुन्हा खेळले. या वेळी केनीची बाजू घेतली. लॅरी मेलाच, त्याच ठोकळ्याने.

मग मला विचारलं कशाला? काहीही निवडलं तरी माणूस मरणारच असेल तर त्या पट्टीकडे बघताना माझे हात गार का पडले होते? आणि दुसऱ्या वेळी, शेवट ठाऊक असताना, ते पहिल्याहून जास्त गार का पडले? हा लेख या प्रश्नासाठी आहे. पुढे कथानक सगळं उघड होणार आहे. खेळायचं मनात असेल तर आधी खेळून या, लेख कुठे पळून जात नाही.

गेमचं नाव 'द वॉकिंग डेड'. रॉबर्ट कर्कमन यांची याच नावाची कॉमिक्स मालिका २००३ साली सुरू झाली. तिच्याच जगात घडणारी, पण वेगळ्या माणसांची गोष्ट कॅलिफोर्नियातल्या टेलटेल गेम्स या कंपनीने २०१२ मध्ये गेमच्या रूपात आणली. शॉन व्हॅनामन आणि जेक रॉडकिन हे तिचे प्रमुख. पहिला सीझन पाच भागांचा. एप्रिलमध्ये पहिला भाग आला, नोव्हेंबरमध्ये पाचवा. दोन भागांमध्ये काही आठवड्यांपासून दोन-अडीच महिन्यांपर्यंतची वाट.

मासिकातली कादंबरी वाचत मोठ्या झालेल्यांना ही वाट वेगळी समजवायला नको. 'क्रमशः' हा शब्द छापला की गोष्ट थांबते, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात ती थांबत नाही. इथे त्यात एक भर पडते: मधल्या काळात तुम्ही फक्त पुढे काय होईल याचा विचार करत नाही, आपण जे केलं ते बरोबर होतं का याचाही करता. प्रत्येक भागाच्या शेवटी पाच मोठे निर्णय मांडले जातात आणि जगभरच्या खेळणाऱ्यांपैकी किती टक्के लोकांनी तुमच्यासारखं केलं ते दाखवलं जातं. बरोबर-चूक असा शिक्का कुठेच नसतो. फक्त कळतं की आपण गर्दीत आहोत की एकटे पडलो आहोत. हा आकडा बघून मी एकदा लॅपटॉप मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

आता यंत्र आतून कसं चालतं ते पाहू.

समजा गोष्टीत दहा ठिकाणी दोन पर्याय आहेत आणि प्रत्येक पर्यायाने गोष्टीला खरोखर वेगळा फाटा फुटतो. पहिल्या निर्णयानंतर दोन गोष्टी, दुसऱ्यानंतर चार, तिसऱ्यानंतर आठ. दहाव्यानंतर १,०२४. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांचं गणित हेच. आणि इथला प्रत्येक दाणा म्हणजे लिहिलेले संवाद, आवाज देणाऱ्या कलाकारांचं ध्वनिमुद्रण, चेहऱ्यांच्या हालचाली, नवी जागा. एवढा खर्च कुणालाच परवडत नाही. परवडला तरी प्रत्येक खेळणारा त्यातली एकच वाट बघणार, बाकी १,०२३ त्याच्यासाठी असून नसल्यासारख्या.

म्हणून अशा गेमचे लेखक फाटे फोडतात आणि थोड्या अंतरावर ते पुन्हा जुळवून घेतात. मला यासाठी नेहमी वारी आठवते. माउलींची पालखी आळंदीहून निघते, तुकोबांची देहूहून. दोन्ही पुण्यात मुक्कामाला येतात. तिथून एक दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, फलटणकडे जाते, दुसरी यवत, बारामती, इंदापूरच्या अंगाने. मुक्काम वेगळे, रिंगणं वेगळी, पावसाने गाठलेली गावं वेगळी. शेवटी वाखरीला पालख्या एकत्र येतात आणि पंढरपूर सगळ्यांचं एकच. पण म्हणून 'कुठल्या वाटेने आलास याने काय फरक पडला' असं वारकऱ्याला कुणी विचारत नाही. तो पोहोचला कुठे हे ठरलेलं होतं, चालला काय हे त्याचं त्याचं होतं.

लॅरीचं मरण ही या गोष्टीतली वाखरी आहे. तिथे सगळ्यांना यावंच लागतं. पण येणारा ली सारखा नसतो. माझ्या पहिल्या खेळात केनी पुढे कित्येक तास माझ्यावर डूख धरून होता आणि जमेल तेव्हा ते बोलून दाखवत होता. दुसऱ्या खेळात ज्या लिलीच्या वडिलांच्या मरणाला मी हातभार लावला होता, तिच्याच शेजारी उभं राहून मला जेवणाचं बोलायचं होतं. शेवट ठाऊक असतानाही हात जास्त गार पडण्याचं कारण हे होतं.

हे सगळं गेम लक्षात कसं ठेवतो? आत एक वही आहे असं समजा. पहिल्या भागात हर्शल नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेतावर एक प्रसंग आहे. ट्रॅक्टरखाली अडकलेला त्याचा मुलगा शॉन आणि ट्रॅक्टरवर बसलेला केनीचा लहान मुलगा डक, दोघांवर एकाच वेळी हल्ला होतो. कुणाकडे धावायचं? शॉन दोन्ही वाटांवर मरतो, डक दोन्हीवर वाचतो. पण वहीत नोंद होते: ली कुणाकडे धावला. पुढे एखाद्या संवादाची वेळ आली की गेम वही उघडतो, नोंद बघतो आणि केनीच्या तोंडी त्यानुसार वाक्य घालतो. सोय एवढी साधी आहे. प्रोग्रामिंग शिकणारी मुलं पहिल्या महिन्यात 'जर असं असेल तर हे कर' लिहायला शिकतात, तेच. अवघड भाग लेखकाचा आहे. कुठली नोंद कधी उघडायची, कुणाच्या तोंडून, आणि आपण ती विसरल्यावर किती वेळाने. चौथ्या भागाच्या शेवटी क्लेमेंटाईन नाहीशी होते आणि ली तिला शोधायला निघतो. त्याच्याबरोबर कोण येणार आणि कोण मागे राहणार, हे चार भागांतल्या नोंदींवरून ठरतं. कुणी सोबत यायला नकार दिला की खेळणाऱ्याला आपण कधी काय बोललो होतो ते चटकन आठवतं.

वेळेच्या पट्टीबद्दलही बोलायला हवं. बहुतेक संवादांत चार पर्याय येतात आणि विचार करायला मोजके क्षण मिळतात. काहीच निवडलं नाही तर ली गप्प राहतो, आणि गप्प राहणं हेही उत्तर धरलं जातं. मी मराठी शाळेत शिकलेली. ते चार इंग्रजी पर्याय वाचायचे, मनात त्यांचा अर्थ लावायचा, एक ठरवायचा, एवढ्यात पट्टी संपलेली असायची. त्यामुळे पहिल्या भागातला माझा ली बराच अबोल होता. समोरची माणसं त्याच्या गप्प बसण्याचे आपापले अर्थ लावत होती: कुणाला तो काहीतरी लपवतोय असं वाटायचं, कुणाला तो दुखावलाय असं. मला ते इतकं खरं वाटलं की पुढे वाचायचा वेग वाढल्यावरही काही ठिकाणी मी मुद्दाम गप्प राहिले.

लीला खरंच लपवायचं होतं. गेम सुरू होतो तेव्हा तो बेड्या घालून पोलिसांच्या गाडीत मागे बसलेला असतो. मेकन गावचा, विद्यापीठात इतिहास शिकवणारा माणूस. बायकोचे ज्याच्याशी संबंध होते त्या सिनेटरचा त्याने खून केला आणि शिक्षा भोगायला त्याला नेलं जात होतं. अटलांटाबाहेर गाडी एका चालत्या प्रेताला धडकून रस्त्याखाली गेली आणि तो मोकळा झाला. पात्र घडवण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. लीचा भूतकाळ लेखकांनी पक्का करून ठेवलाय, त्यात तुम्ही ढवळाढवळ करू शकत नाही. त्याबद्दल कुणाला काय सांगायचं, एवढंच तुमच्या हातात. हर्शलशी खोटं बोललात तर तो म्हातारा ते ओळखतो.

आणि मग क्लेमेंटाईन. आईवडील सवाना शहरात गेलेले, सांभाळायला आलेली मुलगी मेलेली, आणि ही एकटी झाडावरच्या घरात लपून बसलेली. हातात वॉकीटॉकी, डोक्यावर टोपी. लीवर हल्ला होतो तेव्हा तीच त्याला हातोडी आणून देते. तो हातोडीने जे करतो ते ती समोर उभी राहून बघते.

ते बघणं हीच या गेमची खरी युक्ती आहे. त्या काळच्या बऱ्याच गेममध्ये चांगुलपणाचा काटा असायचा. भलं केलं की काटा इकडे, वाईट केलं की तिकडे. खेळणारे मग काट्याकडे बघून वागायचे, हिशेबाने. टेलटेलने काटा काढून टाकला आणि त्याच्या जागी एक मूल ठेवलं. काही निर्णयांनंतर स्क्रीनच्या कोपऱ्यात एक ओळ उमटते: क्लेमेंटाईनच्या हे लक्षात राहील. गुण नाहीत, बक्षीस नाही, दंड नाही. आपल्याला लहान मुलांसमोर शिवी आवरायची सवय असते, भांडण दुसऱ्या खोलीत न्यायची सवय असते. ती सवय गेम बरोबर पकडतो. थंड खोलीतला प्रसंग पुन्हा आठवा. तिथे क्लेमेंटाईनला ठेवायची कथानकाला काहीच गरज नव्हती. तिला तिथे ठेवलं म्हणून ते धर्मसंकट झालं, नाहीतर ते फक्त जगण्या-मरण्याचं गणित राहिलं असतं.

त्याच दुसऱ्या भागाचा शेवट बघा. उपाशी टोळी जंगलातून परतते आहे. त्या दिवशी सकाळी लीच्या हातात खायच्या फक्त चार वस्तू होत्या आणि दहाच्या आसपास माणसं. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे त्यालाच ठरवावं लागलं होतं. आणि आता समोर एक मोटार उभी, आत खाण्याचं सामान, आसपास कुणी नाही. सगळे तुटून पडतात. क्लेमेंटाईन विचारते, हे कुणाचं असलं तर? तुम्ही घेतलंत काय आणि नाकारलंत काय, बाकीचे घेतातच. मी घेतलं. तेव्हा फारसं काही वाटलंही नाही. दिवसभर जे पाहिलं होतं त्यापुढे डबाबंद अन्नाची चोरी ती काय.

पाचव्या भागात सवानाच्या एका हॉटेलच्या खोलीत एक माणूस खुर्चीवर बसलेला भेटतो. मोटार त्याची होती. अन्न गेलं आणि त्यानंतर त्याचं कुटुंबही हातातून गेलं. वॉकीटॉकीवरून क्लेमेंटाईनशी तोच बोलत होता, तिला त्यानेच नेलंय, कारण त्याच्या मते ली मूल सांभाळायच्या लायकीचा नाही. आणि तो एकेक प्रसंग काढून विचारू लागतो: तिला अशा ठिकाणी का नेलंस? तिच्यासमोर हे का केलंस? वहीतली पानं मोठ्याने वाचून दाखवली जातात. तुम्ही सामानाला हात लावला नसेल तर बोलणं बदलतं, माणूस मात्र तिथेच बसलेला असतो. या प्रसंगाला काही लोक ओढूनताणून आणलेला म्हणतात. मला तसं वाटत नाही. सबंध सीझनमध्ये एवढा एकच माणूस लीला उलटतपासणीत उभा करतो, आणि त्याच्या प्रश्नांना माझ्याकडे धड उत्तरं नव्हती.

पण सगळ्यात मोठा निर्णय मला वेगळाच वाटतो, आणि त्याला पर्यायच नाहीत. तिसऱ्या भागात आगगाडीतून जाताना चक नावाचा एक भटका म्हातारा लीला स्पष्ट सांगतो की असंच चाललं तर ही पोर मरणार. तिला बंदूक शिकव, केस काप, ते कुणाच्याही हातात येतील. मग डब्यात बसून ली क्लेमेंटाईनचे केस कापतो. हल्ला नाही, पट्टी नाही, आपण फक्त सांगितलं तसं करत जातो. त्याच भागात थोडं आधी डकला चावा बसला होता. आईवडिलांनी त्याला गमावलं आणि त्याची आईही गेली. मेलेल्या मुलाच्या गोष्टीला लागून जिवंत मुलीचे केस कापायचा प्रसंग लिहिणाऱ्याला नमस्कार करावासा वाटतो. भावना अशी उभी राहते. मोठ्या आकांतानंतर हातांना करायला एक बारीकसं, घरगुती काम द्यायचं.

सीझन संपतो तेव्हा लीला स्वतःला चावा बसलेला असतो. तो एका दुकानात भिंतीला टेकून बसलेला, त्याच्याच सांगण्यावरून क्लेमेंटाईनने त्याला बेडी घालून जखडलेलं. बेड्यांत सुरू झालेला माणूस बेडीत संपतो. शेवटचा निर्णय: तिने गोळी झाडावी असं सांगायचं, की तसंच सोडून जा म्हणायचं. आणि तिला शेवटचं काय सांगायचं तेही निवडता येतं. 'केस लहानच ठेव' हा त्यातला एक पर्याय आहे. मी तो निवडला. लीला आवाज देणारे डेव्ह फेनॉय आणि क्लेमेंटाईनचा आवाज असलेल्या मेलिसा हचिसन यांनी ते काही मिनिटं जे केलंय, त्याचं वर्णन मला जमणार नाही. त्या वर्षी गेमला वर्षातल्या सर्वोत्तम गेमचे अनेक पुरस्कार मिळाले, २०१३ मध्ये कथेसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कारही.

दोषही सांगायला हवेत. पहिल्या भागात डग आणि कार्ली या दोन साथीदारांपैकी एकालाच वाचवता येतं. तिसऱ्या भागात तो वाचलेला लिलीच्या गोळीने मरतो, मग तो कुणीही असो. इथे लेखकाची गरज आणि हिशेबनीसाची गरज एकाच दारातून आत आलेली दिसते: दोन वेगळी पात्रं पुढे चालवणं महाग पडत होतं. तरी तो प्रसंग इतका अंगावर येतो की मी माफ करते. तिसऱ्या सीझनला, २०१६ सालच्या 'अ न्यू फ्रंटियर'ला मात्र माफ करू शकत नाही. दुसरा सीझन क्लेमेंटाईनने केनीबरोबर जायचं की जेनबरोबर, अशा जीवघेण्या निवडीवर संपला होता. तिसऱ्याने त्या दोघांनाही छोट्याशा आठवणींच्या दृश्यात मारून टाकलं. वाखरीला पालख्या भेटतात त्या चालून येऊन. इथे वारकऱ्यांना उचलून गाडीत घातलं होतं.

शेवटच्या सीझनने ते भरून काढलं, तोही जेमतेम पूर्ण झाला. पहिला भाग ऑगस्ट २०१८ मध्ये आला आणि २१ सप्टेंबरला टेलटेलने जवळजवळ सगळी माणसं कामावरून काढली, सुमारे २५०. गोष्ट अर्ध्यात लटकली. कर्कमन यांच्या स्कायबाउंड कंपनीने ती हाती घेतली आणि मार्च २०१९ मध्ये चौथा, अखेरचा भाग आला.

आता क्लेमेंटाईन मोठी झालीय आणि तिच्यासोबत एजे नावाचा लहान मुलगा आहे. कोपऱ्यातली ओळ आता म्हणते, एजेच्या लक्षात राहील. ली जिथे उभा होता तिथे ती उभी आहे. दार उघडताना काय करायचं, बंदूक कधी उचलायची, मेलेल्यांबद्दल काय बोलायचं, हे ती त्याला शिकवते, म्हणजे आपण शिकवतो. एका संवादात प्रश्न येतो: कठीण निर्णय हा स्वतः घेईल, यावर तुमचा विश्वास आहे का? मी हो म्हटलं.

पुढे एका पुलावर मेलेल्यांची झुंड चालून येते. टेन नावाचा मुलगा मधोमध थिजून उभा राहतो, आणि त्याला ओढून आणायला गेलेली मैत्रीण त्याच्यापायी मरणार हे दिसतंय. मी पट्टीची वाट बघत होते. पर्याय येतील, मग मी ठरवेन. पर्याय आले नाहीत. क्लेमेंटाईन लांब होती, बंदूक एजेच्या हातात होती, आणि त्याने ती उचलली.